‘परदेशाचा अभ्यास करून पोट भरतं का?’

पत्र : आमची तासगाव तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. निम्म्याहून जास्त माल बेदाण्याला जातो. थोरली मुलगी सांगलीत बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेऊन. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली. आता म्हणते, दिल्लीला जाऊन आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एमए करायचं, मग पीएचडी, आणि जन्मभर त्याचंच संशोधन करायचं. आमच्या घरात अजून कुणी पदवीधर नाही. आमच्यासारख्यांच्या घरातून असं कुणी झालंय का? भाऊबंद म्हणतात, एमपीएससीला बसवा. स्थळंही यायला लागलीत. ती रोज रात्री एका वहीत काहीतरी लिहीत बसते. त्यातल्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. परदेशाचा अभ्यास करून पोट भरतं का, एवढं सांगा. – एक शेतकरी बाप

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि झेरॉक्सची पानं चारदा. आधी त्या पानांवर काय आहे ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

डाव्या बाजूला तारीख आणि तासगावच्या सौद्यात निघालेला बेदाण्याचा दर आहे. हिरवा, पिवळा, काळा असा वेगवेगळा. उजव्या बाजूला त्या दिवशीची एखादी बातमी, एका ओळीत. २४ एप्रिल २०२५ समोर तिनं लिहिलंय, ‘अटारी बंद.’ पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारनं पाकिस्तान सीमेवरची अटारीची चौकी बंद केली, ती ही बातमी. अफगाणिस्तानचा सुकामेवा पाकिस्तानातून ट्रकनं येऊन त्याच चौकीवर उतरायचा. अफगाणिस्तान सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या गटाचा सदस्य असल्यामुळे त्या मालाला आयात शुल्कात सवलत मिळते, आणि तो बेदाणा आपल्या बेदाण्याशी एकाच बाजारात भिडतो. हे तुम्हाला मी सांगायला नको, अडत दुकानात बसून तुम्ही ते माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. पण चार ओळी खाली मुलीनं काय लिहिलंय बघा : ‘दर वाढला. अटारीमुळे? की यंदा माल कमी म्हणून?’ दोन प्रश्नचिन्हं आहेत आणि दुसरं दोन-तीनदा गिरवलेलं आहे.

दादा, आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यासक जन्मभर हेच काम करतो. दोन कारणं एकाच वेळी हजर असतात आणि परिणाम एकच दिसतो. टीव्हीवर बोलणारा माणूस त्यातलं सोयीचं कारण उचलतो आणि ओरडून सांगतो. अभ्यासक थांबतो. मागच्या वर्षांचे दर काढतो, आयातीचे आकडे काढतो, जिथं माल कमी होता पण सीमा उघडी होती असं एखादं वर्ष शोधतो, आणि मग हळू आवाजात म्हणतो की या दोनपैकी याचा वाटा जास्त दिसतो. तुमच्या मुलीला हे कुणी शिकवलेलं नाही. तिनं ते प्रश्नचिन्ह आपलं आपण गिरवलंय. मी वीस वर्षं मुलांशी बोलतेय. मार्क खूप जणांना असतात, हे फार थोड्यांना असतं.

आता हा विषय म्हणजे नेमकं काय, ते सांगते. देश एकमेकांशी का भांडतात, का जुळवून घेतात, करार का टिकतात आणि का मोडतात, याचा हा अभ्यास. पहिल्या महायुद्धात एवढी माणसं मेली की पुन्हा असं होऊ नये म्हणून युद्धाच्या कारणांचाच अभ्यास करावा, असं काही लोकांना वाटलं, आणि १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या विद्यापीठात या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन, म्हणजे खास प्राध्यापकपद, सुरू झालं. त्याच वर्षी इकडे आपलं सांगलीचं विलिंग्डन कॉलेज निघालं. त्या युद्धात साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांतली किती पोरं परक्या मुलखात मेली, हे आपल्या भागाला माहीत आहे. त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असं मला कधीच वाटलं नाही.

नदीचंच घ्या. २०१९ च्या पुरात सांगलीतला प्रत्येक माणूस आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी आहे ते विचारत होता. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न ठरलेला : कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं? एक नदी, दोन राज्यं, खालच्या धरणाचा वरच्या शहराला धाक, मध्ये लवाद. हाच पेच दोन देशांत आला की त्याचा सिंधू पाणी करार होतो. १९६० मध्ये जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला असं वाटप झालं. १९६५ चं युद्ध झालं, १९७१ चं झालं, कारगिल झालं, करार टिकला. आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतानं तो स्थगित ठेवला. एवढी वर्षं का टिकला आणि तेव्हाच का थांबवला, या एका प्रश्नावर माणूस पाच वर्षं पीएचडी करू शकतो. कृष्णाकाठच्या मुलीला हा प्रश्न पुस्तक न उघडता अर्धा कळलेला असतो.

तुम्ही लिहिलंय, ‘आमच्यासारख्यांच्या घरातून असं कुणी झालंय का?’ झालंय. मर्झ टेट नावाच्या बाईंबद्दल सांगते. १९०५ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात जन्म. कृष्णवर्णीय, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेत पावलोपावली दार बंद. आधी शिक्षकी पेशाचं शिक्षण घेतलं, शाळेत शिकवून पैसे साठवले. त्या साठवलेल्या पैशांत एका शिष्यवृत्तीची भर घालून १९३२ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १९३५ मध्ये तिथली पदवी मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला ठरल्या. १९४१ मध्ये रॅडक्लिफ म्हणजे हार्वर्डच्या महिला महाविद्यालयातून पीएचडी. विषय निःशस्त्रीकरण : देश शस्त्रं कमी करायची भाषा करतात आणि मग तसं का करत नाहीत. त्यानंतर १९७७ पर्यंत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवलं. मध्ये १९५०-५१ ला फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आपल्याकडे शांतिनिकेतनात येऊन शिकवून गेल्या. या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मधली शाळेतल्या नोकरीची वर्षं. त्यांनी आधी कमावलं, मग पुढं गेल्या. वाट सरळ नव्हती आणि त्यानं काही बिघडलं नाही.

मुलीला दुसरं नाव सांगा, सुझन स्ट्रेंज. इंग्लंडच्या. अर्थशास्त्र शिकल्या, वर्तमानपत्रांत बातमीदारी केली, सहा मुलं वाढवली आणि जोडीला शिकवत, लिहीत राहिल्या. अर्थशास्त्राचे लोक राजकारण बघत नाहीत आणि परराष्ट्र संबंधांचे लोक बाजार बघत नाहीत, हे त्यांनी १९७० मध्ये एका लेखात ठणकावून मांडलं. पुढं या दोन्हींना जोडणारी अभ्यासाची एक शाखाच उभी राहिली, तिच्यात त्यांचं नाव आधी घेतात. तुमच्या मुलीच्या वहीत डावीकडे बाजार आहे आणि उजवीकडे राजकारण. ती त्याच शाखेच्या दारात उभी आहे, तिला ते अजून माहीत नसेल एवढंच.

या दोघींची नावं मुद्दाम घेतली, कारण तुम्ही स्थळांचं लिहिलंय. टेटबाईंनी लग्न केलं नाही, स्ट्रेंजबाईंनी संसार केला. लग्नाचा निर्णय तुमच्या घरचा आहे आणि त्याहून जास्त तिचा आहे. मी फक्त एक सांगेन. एमएची दोन वर्षं तिला कुठलंही बोलणं न लावता द्या. दिल्लीत परीक्षा सुरू असताना घरून ‘रविवारी पाहुणे येणार आहेत, येऊन जा’ असा फोन आलेली मुलगी मी पाहिली आहे. ती आली, आणि परत गेलीच नाही. आज भेटली की विषय काढत नाही, मीही काढत नाही.

आता वाट आणि पैसे.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, या विषयाची स्वतंत्र शाळा (विद्यापीठातलं ‘स्कूल’) आहे. १९५५ मध्ये ती सप्रू हाऊसमध्ये वेगळी संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत आली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ पासून विभाग आहे. कोट्टायमला महात्मा गांधी विद्यापीठ, गुजरातचं केंद्रीय विद्यापीठ, पाँडिचेरी, दिल्लीतच साउथ एशियन युनिव्हर्सिटी, इथंही शिकता येतं. जेएनयू आणि बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांचा एमएचा प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. तिचे अर्ज साधारण वर्षाअखेरीस निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास असते. म्हणजे तुमच्या बागेत काढणीची धांदल असते तेव्हाच. त्या महिन्यात तिला शेडवर बोलवू नका, ही माझी विनंती.

सरकारी विद्यापीठाची फी ऐकून तुम्ही परत विचाराल, इतकी कमी असते. खर्च येतो तो राहण्या-जेवण्याचा. वसतिगृह मिळालं तर द्राक्षबागेच्या एका फवारणीच्या हिशेबात महिना निघतो, बाहेर खोली घ्यावी लागली तर ओढाताण होते. म्हणून अर्ज एकाच ठिकाणी करू नका. आणि पुणं विसरू नका. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे, यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं सुरक्षाविषयक अभ्यास केंद्रही आहे. देवराष्ट्र्यात जन्मलेला माणूस १९६२ च्या चीन युद्धाच्या धामधुमीत संरक्षणमंत्री झाला आणि १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री होता. ते गाव तुमच्यापासून लांब नाही. मुलीला एकदा तिथलं घर दाखवून आणा.

एमएनंतर यूजीसी-नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा. वर्षातून दोनदा होते. त्यात वरच्या गुणांनी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. म्हणजे पीएचडी करताना ती तुमच्याकडे पैसे मागणार नाही. वयाची अट ३० वर्षांची आहे आणि मुलींना त्यात ५ वर्षांची सवलत आहे. जेआरएफ हुकली तरी मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, अनुसूचित जातींसाठी बार्टी यांच्या पीएचडीच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांचे नियम आणि जागा बदलत राहतात, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही.

एक सोडून बाकी सगळ्या गोष्टींत मी तुमच्या मुलीच्या बाजूनं आहे. ती एक गोष्ट म्हणजे कर्ज काढून परदेश. सांगली-कोल्हापुरात आता चौकाचौकात एजंट बसलेत. ‘एक वर्षाचं एमए, लंडन, व्हिसाची हमी’ म्हणतात आणि बँकेचा माणूसही तेच दाखवतात. वीस-पंचवीस लाख आणि वर राहण्याचा खर्च. या विषयात त्या एका वर्षाच्या पदवीवर तेवढे पैसे फेडणारी नोकरी सहसा लागत नाही. बाग तारण ठेवू नका. परदेशी जायचंच असेल तर पूर्ण शिष्यवृत्तीवर : चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फुलब्राइट, युरोपातली इरास्मस मुंडुस. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं. थांबून, तयारी करून गेलेली मुलगी बापाच्या सातबाऱ्यावर बोजा न चढवता जाते.

पोट भरतं का, यावर आता सरळ उत्तर. भरतं, पण उशिरा. एमएची दोन, पीएचडीची पाच-सहा, आणि पक्की नोकरी लागेपर्यंत आणखी दोन-तीन वर्षं. दहा वर्षं धरा. विद्यापीठात किंवा कॉलेजात सहाय्यक प्राध्यापक झाली की मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो. पण महाराष्ट्रात त्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, आणि पीएचडी, नेट झालेली कितीतरी मुलं सीएचबीवर, तासाच्या हिशेबानं शिकवतायत, सुट्टीत त्यांना पगार नसतो. अनुदानित जागेसाठी कुठं कुठं काय मागतात, हेही तुम्ही ऐकलं असेल. हे मी लपवणार नाही. म्हणूनच तिनं नजर महाराष्ट्राबाहेर ठेवायला हवी : केंद्रीय विद्यापीठं, दिल्लीतली धोरण संशोधनाची ठिकाणं. सप्रू हाऊसमधली जागतिक घडामोडींची भारतीय परिषद, संरक्षण अभ्यासाची मनोहर पर्रीकर संस्था, व्यापार आणि विकसनशील देशांवर काम करणारी आरआयएस, आणि आपल्या राज्यातलं म्हणाल तर मुंबईचं गेटवे हाऊस. तिथं कंत्राटी का होईना, संशोधन सहायकाच्या जागा निघत राहतात. शेतमालाच्या जागतिक व्यापाराचा अभ्यास असेल तर निर्यातीच्या क्षेत्रातही तिला विचारतील. २०१० मध्ये युरोपानं औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं नाकारली तेव्हा किती घरं बसली, तुम्हाला आठवतंय. त्या नियमांच्या टेबलावर कोण बसतं आणि आपल्या बाजूनं कोण वाचून येतं, हा काही लहान प्रश्न नाही.

एमपीएससीचं म्हणाल तर हे दोन रस्ते एकमेकांना कापत नाहीत. यूपीएससीत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहे, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. एमए केलेली मुलगी पुढं परीक्षेला बसू शकते, परराष्ट्र सेवेतही जाऊ शकते. पण तिथं काम वेगळं असतं. राजदूत देशाची भूमिका मांडतो. अभ्यासक ती भूमिका बरोबर होती का, हे विचारतो. तुमच्या मुलीचं प्रश्नचिन्ह बघता मला तिचा पिंड अभ्यासकाचा वाटतो.

तिच्या इंग्रजीची काळजी तिला असणार, तुम्ही लिहिली नाही तरी. मी स्वतः साताऱ्याच्या मराठी शाळेतून दिल्लीला गेले होते. पहिले सहा महिने वर्गात एक वाक्य बोलले नाही. प्रश्न सुचायचा, वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा पुढं जायची. एका वरच्या वर्गातल्या मुलीनं सांगितलं, रोज एक लेख वाच आणि त्याचा सारांश इंग्रजीत दहा ओळींत लिही, चुका मोजू नकोस. वर्षभरात त्या दहा ओळी माझं बोलणं झाल्या. तिनं आजपासून सुरू करावं. ‘इंडिया क्वार्टर्ली’ १९४५ पासून आणि ‘इंटरनॅशनल स्टडीज’ १९५९ पासून, अशी या विषयाची दोन नियतकालिकं निघतात. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारावं, नसतील तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस काढावा.

इंग्रजी सगळ्यांनाच येतं. अभ्यासकाचं वजन तिसऱ्या भाषेनं वाढतं. अफगाणिस्तानवर काम करायचं तर फारसी, बांगलादेशवर करायचं तर बांगला. जेएनयूत फारसी शिकता येते. बांगलादेशनं द्राक्षांवरचं आयात शुल्क वाढवलं की आपल्या बागायतदाराची झोप उडते, पण तिथली बाजू तिथल्या भाषेत वाचणारा माणूस आपल्याकडे किती आहे?

आणि पीएचडीचा मार्गदर्शक निवडताना घाई करायची नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचा प्रबंध मार्गदर्शकानं न वाचता दोन वर्षं टेबलावर ठेवला. त्या दोन वर्षांत त्याची शिष्यवृत्ती संपली आणि वडील गेले. नाव घेण्यात अर्थ नाही. मुलीनं आधी त्या माणसाच्या हाताखालच्या तीन विद्यार्थ्यांना भेटावं. किती दिवसांत वाचून परत देतात, एवढंच विचारावं.

दादा, तुम्ही तिला हो म्हणा किंवा नाही म्हणा असं मी सांगणार नाही. एखाद्या रात्री सगळे जेवल्यावर तिघं बसा, तुम्ही, वहिनी आणि ती. कागदावर दहा वर्षं ओळीनं लिहा. कुठल्या वर्षी घरून किती लागतील, कुठल्या वर्षापासून लागणार नाहीत, जेआरएफ तीन प्रयत्नांत नाही मिळाली तर काय करायचं. हे तिच्याकडून वदवून घ्या. बागेची छाटणी ठरवताना तुम्ही जसा हिशेब घालता तसाच. त्या कागदावर तिघांच्या सह्या घ्या आणि तो कपाटात ठेवा.

झेरॉक्सची पानं परत पाठवतेय. शेवटच्या पानाखाली मी पेन्सिलीनं तिच्यासाठी तीन प्रश्न लिहिलेत. मागच्या पाच हंगामांत तासगावात बेदाणा किती आला? अटारी बंद झाल्यावर काबूलचा माल कुठल्या बंदरातून आला? आणि ज्या वर्षी अटारी उघडी होती पण आपला माल कमी होता, त्या वर्षी दर किती होता? पहिल्याचं उत्तर बाजार समितीत मिळेल. तुम्ही ओळखीनं तिला तिथं घेऊन जा. दहा पानं मराठीत लिहून दिवाळीपर्यंत मला पाठव म्हणावं, मी वाचून पंधरा दिवसांत परत देईन.

तुमची,
समुपदेशक ताई